कामात मन का लागत नाही?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या मेळाव्यात परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि पुढील शिक्षण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आज मी थोडी वेगळी वाट धरणार आहे. शिक्षण संपल्यावर आपल्या मुलामुलींना ज्या कामाच्या जगात पाऊल टाकावे लागते, त्याविषयी चार विचार आपणासमोर ठेवावेत असा मानस आहे. विषय असा की, माणूस कामावर येतो, हजेरी लावतो, ठरलेले तास भरतो, पण त्याचे मन कामात नसते. अशा वेळी त्याच्यावर असलेल्या माणसाने, म्हणजे मालकाने, मुकादमाने, साहेबाने किंवा मुख्याध्यापकाने, काय करावे?

हा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटणे शक्य आहे. पण या सभागृहात बसलेल्या मंडळींकडे पाहा. कोणाचे चार-सहा यंत्रमाग आहेत, कोणाचे शिलाईचे दुकान आहे, कोणाचे गॅरेज आहे. कोणी आखाती देशात फोरमन म्हणून पन्नास माणसांकडून काम करून घेतात आणि सध्या सुटीवर आलेले आहेत. आमच्या संस्थेचे पदाधिकारीही शिक्षक, कारकून आणि शिपाई यांच्याकडून काम करून घेणारेच आहेत. आणि समोर बाकांवर बसलेले विद्यार्थी आणखी दहा वर्षांनी कोणाच्या तरी हाताखाली असतील किंवा कोणाचे तरी वरिष्ठ असतील. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

शिक्षक या नात्याने मला दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी ऐकावी लागतात. मालक भेटले की म्हणतात, "सर, तुमच्या हल्लीच्या मुलांना कामाची गोडीच नाही. तीन महिने धड टिकत नाहीत." त्याच दुकानात काम करणारा माजी विद्यार्थी भेटला की म्हणतो, "सर, तिथं मला कोणी काही विचारतच नाही. सांगतील तेवढं करायचं आणि घरी जायचं." दोघेही खोटे बोलत नसतात. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोघे उभे असतात, इतकेच.

ही अवस्था केवळ आपल्याकडचीच नाही. गॅलप ही संस्था दरवर्षी जगभरातील नोकरदारांची पाहणी करते. तिच्या अहवालानुसार २०२४ साली जगातील नोकरदारांपैकी सुमारे २१ टक्के लोकच आपल्या कामात मनापासून गुंतलेले होते. म्हणजे दर पाचांतला जेमतेम एक! उरलेले चौघे सगळेच कामचुकार आहेत, असे म्हणणे कोणाही विचारी माणसाला पटणार नाही.

आणि खरोखरच ते तसे नसतात. ज्या मुलाला दुकानात "गोडी नाही" असा शेरा मिळतो, तोच मुलगा मोहल्ल्यातील लग्नात रात्री दोनपर्यंत मांडव घालतो, पाण्याची व्यवस्था पाहतो, पाहुण्यांच्या पंगती उठवतो. त्याला एक पैसा मिळत नाही आणि कोणी हाक मारून उठवावेही लागत नाही. असे का होते? तिथे काम कशासाठी आहे हे त्याला ठाऊक असते. काय करायचे हे सांगितलेले असते, पण कसे करायचे हे त्याचे तो ठरवतो. सोबत चार मित्र असतात. आणि सकाळी उभा राहिलेला मांडव हे आपण पूर्ण केलेले काम आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसते. माणूस तोच, हात तेच. काम देण्याची रीत तेवढी बदलते. माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. मन कामात नसेल तर आधी माणसाची नव्हे, कामाच्या मांडणीची तपासणी करावी, आणि ती तपासणी करण्याची पहिली जबाबदारी वरिष्ठाची आहे.

हे केवळ माझे मत नाही. उद्योगांच्या इतिहासात याचे पुरावे आहेत. त्यांपैकी तीन आपणासमोर ठेवतो.

पहिला अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीचा. १९१३ साली या कंपनीने सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास सुरुवात केली. प्रत्येक कामगाराने एका जागी उभे राहून दिवसभर एकच क्रिया करायची, अशी ती पद्धत होती. मोटारी भराभर तयार होऊ लागल्या, पण माणसे त्याहून भराभर निघून जाऊ लागली. सुमारे १४,००० कामगारांची संख्या कायम राखण्यासाठी त्या एका वर्षात कंपनीला ५०,००० हून अधिक माणसे भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी दिवसाची मजुरी दुपटीहून अधिक वाढवून पाच डॉलरपर्यंत नेली आणि नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला. दारावर कामगारांची रीघ लागली आणि सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने घटले.

यातून काय शिकावे? योग्य मजुरीवाचून बाकीच्या गोष्टी बोलणे व्यर्थ आहे, हे पहिले. ज्याला महिन्याचा पगार पंधरा दिवस उशिरा मिळतो, त्याला आपलेपणावर व्याख्यान देऊ नये. पण दुसरेही एक ध्यानात घेतले पाहिजे. पाच डॉलरमुळे माणसे टिकली, तरी पट्ट्यावरचे काम होते तसेच राहिले. शिवाय त्या पाच डॉलरांना अटी होत्या. कंपनीचे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊन त्यांची राहणी तपासत असत. पैशाने माणूस थांबतो. तो मनापासून काम करू लागेल, याची हमी एकटा पैसा देत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील, अहमदाबादचे आहे, आणि माग चालवणाऱ्या मंडळींनी ते जरूर ऐकावे. तेथील प्रसिद्ध कॅलिको गिरणीने १९५२ साली नवे स्वयंचलित माग बसवले. यंत्रे उत्तम होती, पण कापड अपेक्षेप्रमाणे निघेना आणि खराब माल फार निघू लागला. कामगारांना यंत्र जमत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांनी १९५३ साली त्या खात्यात उभे राहून काम कसे चालते ते पाहिले.

त्यांना दिसले ते असे. खात्यात २९ माणसे होती आणि त्यांच्यात कामाचे १२ प्रकार होते. विणकर वेगळा, बॅटरीत कांड्या भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, नवा ताणा चढवणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा. त्यातही गंमत अशी की विणकराकडे २४ किंवा ३२ माग, कांड्या भरणाऱ्याकडे ४० किंवा ५० माग, धागे सांधणाऱ्याकडे ६० किंवा ८० माग! म्हणजे एका विणकराला कांड्या भरणाऱ्याचा काही हिस्सा आणि धागा सांधणाऱ्याचा त्याहूनही लहान हिस्सा वाट्याला येत होता. धागा तुटला की ज्याला बोलवायचे तो तिसऱ्याच कोणाच्या मागावर अडकलेला असे. माझी माणसे कोणती, माझे माग कोणते, या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते. कापड सगळ्यांचे होते, त्यामुळे ते कोणाचेच नव्हते.

तोडगा साधा होता. काही ठरावीक माग एका लहान गटाकडे सोपवायचे आणि त्या मागांचे सगळे काम त्या गटाने मिळून सांभाळायचे. ही कल्पना पुढे येताच कामगारांनी आणि देखरेख करणाऱ्यांनी ती उचलून धरली आणि आपले गट आपणच बांधले. कोणी कोणाबरोबर काम करावे हेही बव्हंशी त्यांनीच ठरवले. मार्ग अगदी सरळ नव्हता; मध्यंतरी आकडे घसरले आणि काही दुरुस्त्याही कराव्या लागल्या. पण पुढे स्थिरस्थावर झाल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या आसपास गेली आणि खराब मालाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. माग तेच, माणसे तीच, गिरणीही तीच.

तिसरे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील फ्रीमाँट या गावचे. तेथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. त्याचा लौकिक इतका वाईट की कोणत्याही दिवशी शंभरांतले वीस कामगार गैरहजर असत. व्यवस्थापक आणि कामगार यांचे हाडवैर होते. १९८२ साली कंपनीने तो बंद केला. दोनच वर्षांनी, १९८४ साली, जपानच्या टोयोटा कंपनीबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला. नव्याने घेतलेल्या कामगारांपैकी बहुसंख्य जुनेच होते आणि संघटनाही जुनीच होती. तरी गैरहजेरी शेकडा दोनच्या आसपास आली आणि मोटारींचा दर्जा नावाजला गेला.

काय बदलले? अनेक गोष्टी बदलल्या, पण एक सर्वांत बोलकी आहे. पूर्वीचा नियम असा होता की काहीही झाले तरी पट्टा थांबता कामा नये. चुकीची जोडलेली मोटार पुढे जाऊ द्यावी, मागाहून पाहता येईल. आता प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आली. चूक दिसली की त्याने ती ओढायची. ओढताच त्याच्या गटाचा प्रमुख धावत मदतीला येई, आणि थोडक्या वेळात अडचण सुटली नाही तर पट्टा थांबे. लाखमोलाचा पट्टा थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराच्या हाती देणे म्हणजे "तुझ्या डोळ्यांवर आमचा भरवसा आहे" असे सांगणे होय. आणि हा भरवसा एकतर्फी नव्हता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस विक्री बरीच घटली, तेव्हा कारखान्याने माणसे कमी केली नाहीत. रिकाम्या वेळात त्यांना शिक्षण दिले.

मित्रहो, या गोष्टी मोठ्या कारखान्यांच्या आहेत. आपल्या लहान कारखान्यात, दुकानात आणि शाळेत त्यांचा उपयोग काय? मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट. माणसाला दोष देण्यापूर्वी एक दिवस त्याच्या शेजारी उभे राहून त्याचे काम पाहावे. झडती घेण्यासाठी नाही, समजून घेण्यासाठी. तो कशासाठी खोळंबतो, कोणावर अवलंबून राहतो, कोणते हत्यार बोथट आहे, कोणती वस्तू मागायला त्याला दहा वेळा उठावे लागते, हे पाहावे. पुष्कळदा ज्याला आपण आळस म्हणतो तो खोळंबा असतो.

दुसरी गोष्ट. काम शक्य तितके पूर्ण द्यावे. शिलाईच्या दुकानात दोन वर्षे केवळ काजे-बटणे करणाऱ्या मुलाला आठवड्यातून एक तरी सदरा मापापासून इस्त्रीपर्यंत स्वतः करू द्या. तो बिघडेल, कापडाचे थोडे नुकसानही होईल. पण तो आपल्या हातचा सदरा ओळखू लागेल, आणि काजे-बटणे कशासाठी नेटकी हवीत हेही त्याला कोणी न सांगता कळेल. शाळेचेही तेच. शिक्षकाला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी "तुम्ही खुर्च्या पाहा" असे सांगण्यापेक्षा वर्षाच्या आरंभीच ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा त्याच्या स्वाधीन करावी, थोडा खर्चाचा अधिकार द्यावा आणि वर्षाअखेर हिशेब मागावा.

तिसरी गोष्ट. विचारावे, आणि विचारल्यावर उत्तर द्यावे. एका शाळेतील शिपायाला पावसाळ्याआधीच ठाऊक होते की ग्रंथालयात कोणत्या कपाटावर पाणी गळते. त्याला कोणी विचारले नाही, त्याने कोणाला सांगितले नाही, आणि जुलैमध्ये पुस्तके भिजली. नंतर सर्वांनी त्याला धारेवर धरले, "ठाऊक होते तर बोलला का नाहीस?" त्याचे उत्तर असे होते, "मागच्या वर्षी बोललो होतो." सूचना मागवायच्या आणि पेटीत धूळ खात ठेवायच्या, यापेक्षा मुळात न विचारलेले बरे. आठ दिवसांत उत्तर द्यावे. "होय, करतो" हे उत्तर आहे, आणि "या कारणासाठी यंदा जमणार नाही" हेही उत्तर आहे. मौन हे मात्र उत्तर नाही, आणि एकदा मौन अनुभवलेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

चौथी गोष्ट. चूक दाखवणाऱ्याला अभय द्यावे. फ्रीमाँटची दोरी आपल्या दुकानात टांगता येणार नाही, पण तिचा अर्थ आणता येईल. "उस्ताद, हे माप चुकलेले दिसते" असे म्हणणाऱ्या शागिर्दाला सर्वांसमोर झिडकारले की त्याने ओढलेली दोरी आपण तोडली असे समजावे. त्या दिवसापासून तो चुकीचे माप निमूटपणे कापील, आणि आपण म्हणू, याचे कामात लक्ष नाही.

या चारही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, म्हणून एक इशाराही देतो. पगाराऐवजी शाबासकी देण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये. वेळेवर पगार, पाळलेला शब्द आणि ठरलेली सुटी हा पाया आहे. पायावाचून भिंत रंगवली तर कामगाराला ती फसवणूकच वाटेल, आणि ते योग्यच आहे.

दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा आहे. एकदा केले आणि संपले, असे यात होत नाही. अहमदाबादच्या त्याच गिरणीचा पुढे एरिक मिलर यांनी पुन्हा अभ्यास केला. १९५३ पासून १९७० पर्यंत काय घडले ते त्यांनी पाहिले. एका साचेखात्यात गटाची पद्धत इतक्या वर्षांनंतरही टिकून होती. इतरत्र ती हळूहळू विरत गेली होती आणि कामाची जुनी रीत परत आली होती. कोणी हुकूम काढून ती बंद केली नव्हती. परिस्थिती बदलत गेली, वरची माणसे बदलली, आणि गट जपण्याचे काम कोणाचे हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. मागाला रोज तेल लागते, तसे या गोष्टींनाही लागते. आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की कॅलिको गिरणी पुढे बंद पडली आणि फ्रीमाँटचा तो कारखानाही २०१० साली बंद झाला. कामगाराचे मन कामात असले म्हणून बाजारातील सगळी वादळे परतवता येतात असे नाही. पण जितकी वर्षे काम चालते, तितकी वर्षे माणसे माणसांसारखी काम करतात, ही कमाई थोडी समजू नये.

आता विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. हे भाषण ऐकून उद्या कोणी "मालकाची मांडणी चुकीची आहे, म्हणून माझे मन लागत नाही" असे सांगत घरी बसू नये. चांगला मालक मिळणे आपल्या हाती नसते. हुन्नर पूर्ण शिकणे बरेचसे आपल्या हाती असते. जे काम दिले त्याच्या आधी काय होते आणि नंतर काय होते, हे विचारून घ्या. अदबीने विचारलेला प्रश्न सहसा कोणी टाळीत नाही. आणि ज्या दिवशी तुमच्या हाताखाली पहिला माणूस येईल, मग तुम्ही परिचारिका असा, शिक्षिका असा, मिस्त्री असा की अभियंता असा, त्या दिवशी आपल्याला कोणी विचारले नव्हते तेव्हा कसे वाटले होते, ते विसरू नका. वाईट मुकादमाच्या हाताखाली शिकलेला मुलगा पुढे तसाच मुकादम होतो, ही साखळी कोणीतरी तोडली पाहिजे. शिकलेल्या मुलामुलींनी ती तोडली नाही, तर या संस्थेने इतकी वर्षे खपून काय मिळवले, असा प्रश्न उद्या विचारला जाईल.

पालक बंधू-भगिनींना, विशेषतः ज्यांच्याकडे चार माणसे कामाला आहेत त्यांना, माझी एक विनंती आहे. उद्या सकाळी दुकान किंवा कारखाना उघडल्यावर आपल्याकडच्या सर्वांत लहान कामगाराला जवळ बोलवा आणि एकच प्रश्न विचारा, "तुझ्या कामात अडथळा कशाचा होतो?" पहिल्या दिवशी तो बहुधा "काही नाही, शेठ" असे म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. तो जे सांगेल त्यातील एक गोष्ट, लहानातली लहान, आठ दिवसांत करून दाखवा. दिव्याची जागा बदलणे असेल, बसायला नीट स्टूल असेल, कात्रीला धार लावून आणणे असेल. मग महिन्याभराने त्याच्याकडे पाहा.

हीच विनंती मी आमच्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही आदरपूर्वक करतो. सभेत आम्हां शिक्षकांना हा प्रश्न विचारला जावा. उत्तरे आमच्यापाशी तयार आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गोष्टींना पैसाही लागणार नाही.